भावोजींचा न बघता खेळलेला उंट

माझे भावोजी सातव्या महिन्यात जन्मले. हे त्यांच्या आई कौतुकानं सांगायच्या, आणि भावोजी ते असं ऐकायचे की जणू तो निर्णय त्यांचा स्वतःचाच होता. घाई हा त्यांच्या दृष्टीनं गुण होता. अंधेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत ते टीम लीड होते. समोरचा माणूस वाक्य सुरू करायचा आणि अर्ध्यात हात वर करून ते म्हणायचे, "कळलं. पुढे?" पुढे असं काही नसायचंच, कारण मुद्दा त्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात असायचा.

ताई आणि ते मीरा रोडला राहायचे, आम्ही भाईंदर ईस्टला, गोडदेवला. दर रविवारी ते जेवायला यायचे. आईनं सकाळपासून कोंबडीचं वाटण काढलेलं असायचं, वडे तळलेले असायचे. रत्नागिरीकडच्या घरात जावयाचं जेवण म्हणजे काय असतं, ते ज्याच्या घरात जावई आहे त्यालाच माहीत. आम्हाला बाकीचे सहा दिवस त्या कोंबडीच्या आठवणीवर काढावे लागायचे.

बाबांनी एका औषध कंपनीतून व्हीआरएस घेतल्यावर घरात कॉम्प्युटर आणला होता. माझ्या करिअरसाठी, असं ते सगळ्या बिल्डिंगला सांगायचे. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते आणि माझं करिअर म्हणजे दुपारी आई झोपली की त्या कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं कव्हर काढणं, एवढंच होतं. नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. भावोजींनी पहिल्याच रविवारी खुर्ची ताब्यात घेतली आणि एका परदेशी साइटवर बुद्धिबळ उघडलं. "बघ, शिकून घे," ते मला म्हणाले, "मुलींनी थोडं डोकं वापरायला शिकलं पाहिजे."

बुद्धिबळ मला येत होतं. बाबांनीच शिकवलं होतं. पण बाबांचं बुद्धिबळ म्हणजे जेसल पार्कच्या बाकावर दोन रिटायर माणसं आणि मध्ये एक पट, आणि एक चाल होईपर्यंत चहा थंड. भावोजींचं एका मिनिटाचं होतं. म्हणजे अख्ख्या डावासाठी तुम्हाला एक मिनिट, समोरच्याला एक मिनिट. विचार करत बसलात की तुमचं घड्याळ पळतं, आणि ते शून्यावर आलं की पटावर तुमचा वजीर, दोन्ही हत्ती सगळं शाबूत असलं तरी तुम्ही हरलात.

बाबांनी एक डाव मागे उभं राहून बघितला आणि म्हणाले, "हे टायपिंग आहे."

"बाबा, जग बदललंय," भावोजी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले.

त्यांचा खरा अभिमान होता प्रीमूव्हचा. प्रीमूव्ह म्हणजे समोरचा अजून विचार करतोय, तेवढ्यात तुम्ही तुमची पुढची चाल कॉम्प्युटरला सांगून ठेवायची. तो खेळला रे खेळला की तुमची चाल आपोआप होते. तुमच्या घड्याळातलं जवळजवळ काहीच जात नाही. आमच्या नेटला मधूनमधून उचकी लागायची, त्यामुळे तर हा प्रकार फारच सोयीचा. भावोजी पहिल्या दहाबारा चाली अशाच खेळायचे. राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचं प्यादं एक घर पुढे, त्या रिकाम्या घरात उंट, मग घोडा बाहेर, मग किल्लेकोट. पांढऱ्या सोंगट्या असोत की काळ्या, समोर रशियन असो की ब्राझिलियन, त्यांचं तेच.

"पण समोरच्यानं काही वेगळं केलं तर?" मी एकदा विचारलं.

"करत नाही कोणी. लोक ठरलेलंच खेळतात."

मीही दुपारी खेळायला लागले. आधी हरले, खूप हरले. मग कमी हरले. मग लक्षात आलं की या खेळात जिंकायला बुद्धी फारशी लागत नाही. समोरचा घाबरला की घाई करतो आणि माजला की बघत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुरतं. हे ज्ञान मला नोकरीच्या मुलाखतींत कुठेच उपयोगी पडलं नाही.

ताईला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. ती चौकच्या एका शाळेत शिकवायची. चौक म्हणजे उत्तनच्या पुढचं कोळीवाड्याचं गाव. रोज मीरा रोडहून भाईंदर, मग वेस्टला जाऊन बस, आणि बसमध्ये मासळीच्या टोपल्या. संध्याकाळी ती घरी आली की भावोजी खिडक्या उघडायचे. "सुकटीचा वास येतोय," म्हणायचे. ताई हसून आंघोळीला जायची. ती पहिलीला शिकवायची. तिची पोरं "बाई, माझी पेन्सिल न्हाय" म्हणायची आणि ती त्यांना "नाही म्हणायचं" असं शिकवता शिकवता स्वतःच कधी कधी घरी "मीठ न्हाय" म्हणून जायची. भावोजींना त्याची लाज वाटायची. गेली काही वर्षं ती टेम्पररी होती आणि येत्या जूनपासून तिला पर्मनंट करणार, असं मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं होतं. आईनं त्यासाठी संकष्टी धरली होती.

एप्रिलमधला एक रविवार. जेवणं चालली होती. बाबा आणि भावोजी पाटावर, ताई वाढत होती, मी आईला वडे तळायला मदत करत होते, म्हणजे तळलेले खात होते. भावोजींनी दुसरा वडा मोडला आणि बाबांना म्हणाले, "बाबा, आम्ही पुण्याला शिफ्ट होतोय. हिंजवडीला. मे एंडला."

बाबांचा घास हातात राहिला. "आम्ही म्हणजे?"

"आम्ही दोघं. कंपनीचा नवा प्रोजेक्ट आहे. फ्लॅटपण बघून ठेवलाय."

बाबांनी ताईकडे बघितलं. ताईच्या हातात रश्शाचं पातेलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून एवढंच कळलं की फ्लॅट तिनं बघितलेला नव्हता.

"आणि हिची शाळा?" आईनं आतून विचारलं.

"त्याचं झालं. मी काल बाईंना फोन करून सांगितलं, ती जूनपासून येणार नाही. म्हणजे त्यांना दुसरं कोणी बघायला वेळ मिळेल. ऐन वेळी सांगणं बरोबर नाही ना."

इतका विचारी माणूस. मुख्याध्यापिका बाईंची गैरसोय होऊ नये म्हणून बायकोची नोकरी आधीच सोडून मोकळा झालेला.

ताईनं पातेलं खाली ठेवलं. "तुम्ही मला विचारलं नाहीत."

"अगं, विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? थोडी रडली असतीस आणि मग चला म्हणाली असतीस. दोन आठवडे वाचवले मी आपले." त्यांनी ताट पुढे केलं. "थोडा रस्सा."

तिनं रस्सा वाढला. आमच्याकडे जावयासमोर बोलायची पद्धत नाही, जावई गेल्यावर आठवडाभर बोलायची आहे. आई वड्यांच्या पिठाकडे बघत राहिली. बाबा ताकाचा पेला हातात धरून बसले. मी तेवढ्यात आणखी एक वडा खाल्ला, कारण राग आला की मला भूक लागते.

जेवणानंतर भावोजी हात पुसत कॉम्प्युटरकडे गेले. वातावरण तंग झालंय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते मला म्हणाले, "चल, पुण्याला जायच्या आधी तुला एक शेवटचं ट्रेनिंग देऊन जातो. तू खाली सायबरमध्ये जा, मी इथून खेळतो. आपण दोघं, एक एक मिनिट. बघू दुपारभर काय शिकतेस."

"जा गं," आई म्हणाली, आणि मला दारापर्यंत सोडायला आली. जिन्यात हळू आवाजात म्हणाली, "आणि हर. आधीच डोकं फिरलेलं आहे सगळ्यांचं. जावयाला हरवत नाहीत."

आमच्या बिल्डिंगच्या खाली एका गुजराती माणसाचा सायबर कॅफे होता. त्यानं प्लायवुडच्या फळ्या मारून त्याची खुराडी केली होती. रविवारी दुपारी तिथे कॉलेजची मुलं बंदुकांचे गेम खेळायची, एकमेकांना मारायची आणि मेल्यावर आयांचा उद्धार करायची. मालकानं मला कोपऱ्यातलं मशीन दिलं. "बेन, चॅटिंग करना है?"

"चेस."

"चेस?" त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की चॅटिंग बरं होतं.

आता वर काय चाललं होतं ते मला नंतर ताईनं सांगितलं, ते इथेच सांगून टाकते. बाबा खुर्ची ओढून भावोजींच्या मागे बसले. आई सुपारी कातरत दारात. ताई उभी. एरवी ती बुद्धिबळ सुरू झालं की भांडी घासायला जायची, त्या दिवशी गेली नाही. भावोजी त्यांना समजावून सांगत होते, "आता बघा, तिला वेळच पुरणार नाही."

पहिला डाव मी हरले. आईचं ऐकून नाही, लक्ष पटावर नव्हतं म्हणून. मला पटावर भावोजींचा राजा दिसायच्या ऐवजी रश्शासाठी पुढे केलेलं ताट दिसत होतं. माझे दोनतीनच सेकंद शिल्लक आणि त्यांचं अर्धं मिनिट पडून, अशी वेळ आली आणि घड्याळ संपलं. चॅटच्या चौकटीत त्यांचं उत्तर आलं, ते पण बहुधा आधीच टाइप करून ठेवलेलं: "टू स्लो."

दुसऱ्या डावात मला पांढऱ्या सोंगट्या आल्या. मी वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे केलं. त्यांचं ठरलेलं प्यादं घोड्यासमोरून एक घर पुढे आलं, ताबडतोब, माझी चाल दिसण्याइतकाही वेळ न घेता. म्हणजे पुढची चालही त्यांनी सांगून ठेवली असणार: उंट त्या रिकाम्या घरात.

मग मी एक मूर्खपणा केला. माझा उंट उचलला आणि तिरका थेट त्यांच्या अंगणात नेऊन ठेवला, त्या रिकाम्या घराच्या अगदी शेजारी. त्यांच्या उंटाच्या समोर, फुकट. काल बुद्धिबळ शिकलेल्या माणसानंही तो खाल्ला असता. त्यासाठी काहीच लागत नव्हतं, नुसतं बघायला लागत होतं. त्यांनी बघितलं असतं तर माझा उंट गेला असता, डाव गेला असता आणि मी पुढची दहा वर्षं ते ऐकत बसले असते.

त्यांचा उंट आज्ञाधारकपणे त्या रिकाम्या घरात येऊन बसला. माझ्या उंटाच्या पुढ्यात.

मी तो खाल्ला. तोवर त्यांच्या घोड्याचीही वर्दी गेलेली होती, त्यामुळे घोडा ठरल्याप्रमाणे बाहेर पडला, घराला आग लागलेली असताना ऑफिसला निघाल्यासारखा. मी कोपऱ्यातला हत्तीही खाल्ला.

मग पलीकडून काहीच आलं नाही. त्यांचं घड्याळ चालत होतं आणि सोंगट्या जागच्या जागी. मी खुराड्यात बसून ते सेकंद संपताना बघितले. शेजारच्या खुराड्यात कोणीतरी मेला आणि शिव्या देत टेबलावर हात आपटला. मला तो आवाज भावोजींचाच वाटला.

वर भावोजी म्हणाले, "हँग झालं. नेटचा प्रॉब्लेम आहे."

बाबा आयुष्यभर कोणाशी वाद न घातलेला माणूस. पण बुद्धिबळाच्या बाबतीत त्यांना खोटं सहन होत नाही. ते म्हणाले, "नेट कुठे, घड्याळ चालू आहे. तिनं उंट फुकट ठेवला होता. तुम्ही घेतला का नाही?"

"प्रीमूव्ह होता, बाबा."

"म्हणजे काय?" हे ताईनं विचारलं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि नवऱ्याच्या आवडत्या विषयावर तिनं पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता. भावोजी खूश झाले. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि हरल्याचं विसरून तिला सविस्तर समजावलं. वेळ कसा वाचतो, चाल आधी कशी सांगून ठेवायची, कसं कधी कधी हजारात एकदा समोरचा वेडेपणा करतो आणि मग नुकसान होतं, पण एकंदरीत फायदाच.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे समोरचं माणूस काय करतंय ते बघायचंच नाही."

"बघायची गरज नसते. माहीत असतं."

"आणि एकदा सांगून ठेवलं की परत घेता येत नाही?"

"घेता येतं. समोरच्यानं खेळायच्या आत."

"बरं," ताई म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

तिसरा डाव त्यांनीच मागितला. या वेळी त्यांच्या चाली उशिरा येऊ लागल्या. मला खाली बसूनसुद्धा कळत होतं की हा माणूस आता प्रत्येक चाल बघतोय. मी साधं प्यादं पुढे केलं तरी थांबतोय, त्यात काय डाव आहे ते शोधतोय. डाव काही नव्हता. मी नुसती पटपट प्यादी ढकलत होते. माझ्यापेक्षा त्यांचा पट खूपच चांगला होता, हे प्रामाणिकपणे सांगते. दोन चाली आणखी मिळाल्या असत्या तर मात झाली असती. पण मिनिट संपलं. बघून खेळायला लागल्यावर त्यांना वेळ पुरला नाही.

मी वर आले तेव्हा ते चपला घालत होते. "मीरा रोडला एकाला भेटायचंय," म्हणाले. चहाही घेतला नाही. आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिचं मंगळसूत्र गहाण ठेवून आलेय. पुढचे काही महिने भावोजी माझ्याशी "तुम्ही" म्हणून बोलायचे. "तुम्ही जरा पाणी आणता का?" असं. वयानं आठ वर्षांनी लहान मेव्हणीला एवढा मान महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी दिला नसेल.

सोमवारी ताई नेहमीच्या बसनं चौकला गेली आणि मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. "तो फोन माझा नव्हता," म्हणाली. "मी जूनला येतेय."

बाई म्हणाल्या, "मला वाटलंच. म्हणून मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. पुरुषांनी बायकोचा राजीनामा फोनवर दिला की मी आठवडाभर थांबते."

संध्याकाळी तिनं हे भावोजींना सांगितलं. ओरडली नाही, रडलीही नाही. भाजी निवडता निवडता सांगितलं. ते म्हणाले, "अगं पण मी त्यांना फायनल सांगितलं होतं." ती म्हणाली, "हो. आणि मी आज जाऊन बदललं." ते थोडा वेळ टीव्हीचं चॅनेल बदलत राहिले आणि मग, ताई सांगते, चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "मग आता काय करायचं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला पुढे बरेच दिवस गेले आणि बरीच भांडणं झाली. आईनं दोन्ही बाजूंनी फोनवर रडून घेतलं. ताईच्या सासूबाईंनी "आमच्यात असं नाही" हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की त्यांच्यात नेमकं कसं असतं ते कळेनासं झालं. शेवटी भावोजी एकटेच हिंजवडीला गेले, तीन मित्रांबरोबर राहिले आणि शनिवारी धुण्याची बॅग घेऊन घरी यायचे. तो बघून ठेवलेला फ्लॅट त्यांच्या बॉसनं घेतला. पुढे मंदी आली, प्रोजेक्ट बंद पडला आणि कंपनीनं त्यांना परत अंधेरीच्या ऑफिसात अर्ध्या पगारावर बसवलं. त्या वर्षात घर ताईच्या पगारावर चाललं. याचा उच्चार आमच्याकडे कोणी करत नाही, मी सोडून.

मंदीच्याच वर्षात शाळेचं गॅदरिंग होतं. ताई आता पर्मनंट, त्यामुळे पहिलीच्या बाईंचे मिस्टर म्हणून भावोजींना बक्षीस समारंभाला बोलावलं. मी आणि बाबाही गेलो. शाळेच्या मागेच किनारा. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात मांडव घातला होता. भावोजींना शाल आणि नारळ मिळाला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी विषय निवडला, वेळेचं नियोजन. समोर पहिली ते चौथीची पोरं, मागे त्यांच्या आया, डोक्यात अबोलीचे गजरे. भावोजी रंगात आले. पाच वर्षांनी मी कुठे असेन हे आत्ता ठरवा, असं ते पहिलीच्या पोरांना सांगत होते. पुढच्या रांगेतली एक मुलगी केव्हाच झोपली होती.

मागून एक बाई शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "यांचा झाला काय? होड्या यायची येळ हाय."

भावोजींनी हात वर केला. "फक्त दोन मुद्दे," म्हणाले, आणि तिसरा सुरू केला. ताई स्टेजच्या कडेला उभी होती. तिनं घंटेपाशी बसलेल्या शिपाईमामांकडे बघितलं आणि मान हलवली. घंटा झाली. सगळी पोरं एकदम उठली, झोपलेली मुलगीसुद्धा, आणि भावोजींचं वाक्य माइकमध्ये एकटंच राहिलं.

परतीच्या बसमध्ये ते ताईशेजारी बसले होते, मांडीवर नारळ घेऊन. पायाशी कोणाची तरी मासळीची टोपली होती. बस भाईंदरच्या रस्त्याला लागली.

"जास्त बोललो का मी?" त्यांनी विचारलं.

ताई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात ते "कळलं" म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते थांबले. ताईनंही सावकाश खिडकीची काच खाली केली, पदर सावरला आणि मग म्हणाली, "थोडं."

"बरं," भावोजी म्हणाले आणि पाय जरा बाजूला घेऊन टोपलीला जागा केली.